पट्ट्यापासून दारापर्यंत

"बँकॉकहून इथे दोन तास वीस मिनिटं," वैजू म्हणाली. "कुरुंदवाडहून पुण्याला जायला एस.टी. याच्या दुप्पट वेळ घेते, आई. आणि तेवढ्यात तुझ्या मुलाला पोचता आलं नाही."

परातीत कणीक घट्ट भिजवून ठेवली होती, तिचे मी दिवे करत होते. अंगठ्याने मध्ये खळगा पाडायचा आणि कडेला एक चिमूट ओढून वातीसाठी चोच काढायची. वैजू ओट्याला टेकून चहा पीत होती. तिचं सिंगापूरचं घर बाराव्या मजल्यावर. खिडकीतून खाली पाहिलं की मजल्यामजल्याला बांबूंवर वाळत घातलेले लोकांचे कपडे दिसायचे.

श्रावणातला गुरुवार होता तो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या कणकेचा वास अजून हाताला येतो.

आदल्या श्रावणाच्या शेवटी आमचे हे याच घरात गेले. आम्ही दोघं लेकीकडे राहायला आलो होतो. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. वैजूने लगेच बँकॉकला मुकुंदाला फोन केला. माझा थोरला तिकडे रंगांच्या कंपनीत आहे. लग्न त्याने केलं नाही, आणि पुढे पुढे आम्ही विचारायचं सोडलं. "निघतो," एवढंच तो फोनवर म्हणाला. दुपार गेली, संध्याकाळ गेली. मग त्याचा फोन बंद. दहनासाठी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली होती, ती टळली असती तर पुन्हा कधी मिळाली असती कोण जाणे. वैजू दारात उभी राहिली होती शेवटपर्यंत. मग तिनेच अग्नी दिला. माझ्या त्या एवढ्याशा मुलीने.

मुकुंदा भेटला तो थेट नरसोबाच्या वाडीला, अस्थी घेऊन आम्ही गेलो तेव्हा. घाटावर पायऱ्या सोडून लांब उभा होता. वैजूने विचारलं, तर म्हणाला, "तिकीट मिळालं नाही." सिंगापूर-बँकॉक विमानं दिवसभर बसगाड्यांसारखी सुटत असतात, हे तिला पाठ. ती तिथल्या तिथे त्याच्याशी बोलायची थांबली. 'दादा' हा शब्द तिने तोंडातून काढून टाकला. त्यानंतर तो 'तुझा मुलगा' झाला.

आणि मी? मी कुरुंदवाडच्या घराला कुलूप लावून पुन्हा लेकीकडे आले होते. पाहुणी म्हणून तिथलं सरकार जितके दिवस राहू देई तितके दिवस राहायचं, मग परत जायचं. रोजचा दत्ताचा जप, संध्याकाळचा दिवा, शनिवारची पोथी, एवढं सोडलं तर माझ्याशी बोलणारं दिवसभर कुणी नसे. वैजू आणि जावई सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे.

श्रावणी शुक्रवार मात्र मी कधी चुकवला नव्हता. जिवतीची पूजा आई मुलांसाठी करते. भिंतीवर जिवतीचा कागद लावायचा, आघाडा-दुर्वांची माळ घालायची, फुटाणे आणि दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, कहाणी सांगायची आणि मुलांना पाटावर बसवून ओवाळायचं. मूल परगावी असेल तर ते ज्या दिशेला असेल तिकडे अक्षता टाकायच्या. माझ्या एका जावेने फोनवर सुचवलं होतं की आता, म्हणजे हे गेल्यावर, तुम्ही नाही केलंत तरी चालेल. मी तिला म्हटलं, हा नेम कुंकवाचा नाही, पोरांचा आहे.

त्या वर्षी श्रावण लागल्यापासून दर शुक्रवारी मी वैजूला पाटावर बसवून ओवाळत होते आणि उत्तरेला तोंड करून मुकुंदाच्या अक्षता टाकत होते. तिसऱ्या शुक्रवारी अक्षता खिडकीच्या काचेवर आपटून परत माझ्याच पायाशी पडल्या. त्या झाडून घेताना मी मनाशी ठरवलं. पुढच्या शुक्रवारी दोघांना शेजारी शेजारी बसवून ओवाळायचं. ओवाळल्यावरच जेवायचं.

फोन करून काही होणार नव्हतं. फोनवर मुकुंदा "बघू" म्हणतो. यांच्यासारखाच. म्हणून मी सकाळच्या विमानाने जायचं आणि दुपारच्या विमानाने त्याला घेऊन यायचं, असा बेत. वैजूने कपाळावर आठ्या घालत का होईना, माझं तिकीट काढून दिलं होतं.

"आणि नाही आला तर?" तिने विचारलं.

"तर माझा उपास."

"म्हणजे धमकी."

"धमकी कसली गं. नेम आहे."

"तुझा नेम, त्याला धमकी आणि मला शिक्षा." तिने कप विसळला. "तो आला तर मी घरात असेन. एवढंच. बोलायला लावू नकोस."

तेवढं मला पुरेसं होतं.

*

विमानात एकटी मी पहिल्यांदाच बसत होते. पासपोर्ट, तिकिटं, सगळं नेहमी यांच्या खिशात असायचं. मी फक्त यांच्या शर्टाच्या पाठीकडे बघत चालायची. तपासणीला एका मुलीने माझी पिशवी उघडली. तिने ताम्हन उलटसुलट करून पाहिलं, मग डबा उघडून कणकेचे दिवे पाहिले आणि एक उचलून चक्क वास घेतला. "गॉड," मी म्हटलं. तिने डबा दोन्ही हातांनी बंद करून परत दिला.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर एक छोटं विमान आणि खाली आकडे. सिंगापूर ते बँकॉक, चौदाशे किलोमीटर. आकडा उतरत जायचा तसं विमान मुंगीसारखं वर सरकायचं. खाली सगळा समुद्र. आमच्या सासूबाई श्रावणी शुक्रवारी तांदळाचं धुवण ओलांडू द्यायच्या नाहीत. मोरीतून पाणी वाहत असलं की मी पदर सावरून बाजूला उभी राहायची. आणि आज शुक्रवारीच मी एवढं पाणी ओलांडत होते. मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली आणि माळ हातात घेतली.

बँकॉकचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. त्यामुळे जाताना सव्वा-दीड तासात पोचल्यासारखं वाटतं. यांना त्याची फार गंमत वाटायची. मुकुंदाकडे जाताना एक तास फुकट मिळतो आणि वैजूकडे येताना तो कापून घेतात, असं ते सगळ्यांना सांगायचे.

मुकुंदा सिंगापूरला आम्हाला भेटायला यायचा, तेव्हा हे त्याला आणायला जायचे. गरज काहीच नव्हती. तो चाळिशी ओलांडलेला माणूस, रस्ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण हे तासभर आधी जाऊन काचेच्या दारासमोर, अगदी कठड्याला पोट टेकवून उभे राहायचे. आतून दार उघडलं की पहिले आपणच दिसलो पाहिजे, हा हट्ट. दार उघडायच्या आधीच उजवा हात वर. कितीतरी परकी माणसं त्या वर केलेल्या हाताकडे बघून हसून गेली असतील.

बँकॉकला मी सामानाच्या पट्ट्यापाशी थांबले नाही, माझ्याकडे पिशवीच होती. काचेचं दार सरकलं आणि समोर मुकुंदा. कठड्याला टेकून, उजवा हात वर करून उभा.

"अशी एकदम कशी आलीस?" त्याने वाकून नमस्कार केला. "वैजूचा मेसेज आला. वर्षभरात पहिला. फक्त विमानाचा नंबर आणि वेळ. खाली एक शब्द नाही."

"तुला घेऊन जायला आले," मी म्हटलं. "दुपारच्या विमानाने चल. संध्याकाळी दोघांना ओवाळते आणि मग जेवते."

"म्हणजे तू उपाशी आहेस."

"चहा घेतलाय."

"बघू," तो म्हणाला.

टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता. डोक्याचे केस मागून विरळ झाले होते. मी म्हटलं, अंतर तरी किती आहे मुकुंदा, माळ ओढून होईस्तोवर तर मी आले. तो हसला. म्हणाला, "विमानाचे दोन तास काहीच नाहीत गं आई. पट्ट्यापासून दारापर्यंतचं अंतर जास्त असतं."

मला तेव्हा वाटलं, तो विमानतळ किती मोठा आहे याबद्दल बोलतोय.

*

त्याचं घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की तिथे कुणी राहतं असं वाटू नये. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक ताट, एक वाटी. पाट कुठून असणार. मी टॉवेलाची घडी घालून जमिनीवर टाकली. जिवतीचा कागद त्याने फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावला आणि लांबून बघून म्हणाला, "देवीला गार वाटेल." वैजूच्या घराजवळच्या बाजारातून आणलेली आघाडा-दुर्वांची माळ घातली. समई नव्हती, एक कणकेचा दिवा देवीपुढे ठेवला. काड्यापेटी मागितली, तर तो आत जाऊन लायटर घेऊन आला. सिगारेट सोडल्याचं त्याने मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी दिवा लावला आणि लायटर उलटा करून त्याच्या हातात ठेवला. तो खाली बघत राहिला.

"बस," मी म्हटलं. "कहाणी ऐकायची आहे."

आमच्या घरात कहाणीची एक रीत आहे, ती सासूबाईंकडून माझ्याकडे आली. ऐकणाऱ्याच्या उजव्या मुठीत अक्षता द्यायच्या. मूठ मिटलेली असेतो त्याने फक्त "हं" म्हणायचं. दुसरा शब्द नाही. आणि मूठ मिटलेली असताना खोटा हुंकार द्यायचा नाही. पटलं नाही, ऐकू आलं नाही, तर गप्प राहायचं. हुंकार आला नाही तर सांगणारीने थांबायचं. लहानपणी ही दोन मुलं एकमेकांना चिमटे काढत, हसू दाबत हुंकार द्यायची. त्या मुठींमधले तांदूळ घामाने पिवळे व्हायचे.

मुकुंदाने आपणहून मूठ पुढे केली. मी अक्षता दिल्या आणि सुरू केलं. आमची कहाणी साधी आहे. एक आई होती, तिचा मुलगा नदीपलीकडच्या गावाला होता.

"हं."

श्रावणाचे दिवस, नदी दुथडी भरलेली.

"हं."

घरी दुःखाचं निमित्त झालं, आईने निरोप धाडला. मुलगा ऐकल्या पावली निघाला.

"हं."

काठापर्यंत आला.

हुंकार आला नाही.

मी थांबले. त्याच्याकडे पाहिलं. तो दिव्याकडे बघत होता आणि त्याची मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्याचं टॅक्सीतलं वाक्य माझ्या मनात कुठून तरी वर आलं. पट्ट्यापासून दारापर्यंत. जो माणूस विमानात चढलाच नाही, त्याला हे अंतर आठवायचं कारण काय?

कहाणी मध्येच सोडून दुसरं बोलू नये. मी आजवर कधी सोडली नव्हती. पण त्या दिवशी सोडली.

"मुकुंदा," मी म्हटलं, "त्या दिवशी तिकीट मिळालं होतं?"

फ्रिज गुरगुरत होता.

"हं."

"विमानात बसलास?"

"हं."

"सिंगापूरला उतरलास?"

"हं."

माझ्या तोंडात "मग?" आलं होतं. पण 'मग'ला हुंकार देता येत नाही. एकेक पायरी मलाच उतरायला हवी होती.

"सामानाच्या पट्ट्यापाशी आलास?"

"हं."

"तिथून ते काचेचं दार दिसतं. उघडतं, मिटतं. बाहेरची माणसं दिसतात."

"हं."

"आम्ही कुणी आलो नव्हतो. मी आणि वैजू दवाखान्यात होतो."

तो गप्प. म्हणजे तो आम्हाला शोधत नव्हता.

आणि मग मला दिसलं. तिथल्या बाकावर बसलेला माझा मुलगा, समोर सरकणारं दार, आणि दर वेळी ते उघडलं की कठड्यापाशी एक रिकामी जागा. तो बाहेर पडला असता तर ती जागा रिकामी आहे हे खरं झालं असतं. आत बसून राहिला तोवर पुढच्या वेळी दार उघडल्यावर हात वर केलेला दिसेल, एवढी आशा तरी होती.

"हे नव्हते तिथे," मी म्हटलं.

त्याने हुंकार दिला नाही. मान खाली घातली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. दिव्याची कणीक करपल्याचा वास यायला लागला तेव्हा कुठे म्हटलं, "रात्रभर बसलास?"

"हं."

"आणि सकाळी इकडे परत आलास."

"हं."

मग मी कहाणी पुरी केली. नदी उतरली, मुलगा घरी आला, आईने ओवाळलं. या सगळ्याला तो नीट हुंकार देत गेला, ज्याला द्यायला हवा त्यालाही आणि ज्याला देववत नसेल त्यालाही. मूठ उघडून अक्षता देवीच्या कागदापाशी वाहिल्या. काही तळहाताला चिकटल्या होत्या, त्या मी एकेक करून सोडवल्या.

"वैजूला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आता तो बोलू शकत होता.

"काय सांगू? बाकावर बसलो होतो म्हणून? ती तिकडे सगळं एकटी करत होती, आई. तिकीट मिळालं नाही हे त्यातल्या त्यात बरं वाटलं."

"आता चल. मी बरोबर आहे."

त्याने पिशवी भरली. एक शर्ट, दाढीचं सामान. तिकीट काढलं. विमानतळावर आम्ही एकत्र आत गेलो, एकत्र रांगेत उभे राहिलो. तो माझी पिशवी धरून होता. आमच्या पुढे एक थाई बाई तिच्या आईच्या केसांतली पिन नीट करत होती. मला वाटलं, झालं. संध्याकाळी दोन पाट.

तपासणीच्या दारापाशी तो थांबला.

"तिकडे घ्यायला कोण येणार आहे?"

"वैजू."

"कुठे उभी असेल?"

मी खोटं बोलू शकले असते, माझ्या मुठीत अक्षता नव्हत्या. "दारासमोरच असेल," मी म्हटलं. "कठड्यापाशी. तिला तुमच्या बाबांची सवय लागली आहे."

त्याने पिशवी माझ्या खांद्याला लावली. पट्टा सरळ केला. "ती माझ्यावर रागावलेली चालेल मला," तो अगदी हळू म्हणाला. "त्या जागी उभी असलेली नाही चालणार. तू हो पुढे."

मी त्याला ओढलं नाही. ओढण्यासारखा राहिला नव्हता तो. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. मी पिशवीतून ताम्हन काढलं. दिवा लावण्यासारखं ठिकाण नव्हतं, म्हणून कोरडाच कणकेचा दिवा ताम्हनात ठेवला. कुंकू लावलं. बोटातली अंगठी काढली, सुपारी घेतली, आणि तिथेच उभ्या उभ्या त्याला ओवाळलं. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. हात पोचेना, तर त्याने गुडघे वाकवले. एक माणूस सामानाची गाडी घेऊन मागे अडला होता, तो अजिबात घाई न करता थांबला. डोक्यावर अक्षता टाकल्या. त्यातले दोन दाणे त्याच्या कॉलरवर राहिले. त्याने ते झटकले नाहीत.

"जेव काहीतरी," तो म्हणाला.

"तू जेव," मी म्हटलं.

*

परतीच्या विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती त्याचीच असावी. विमानातली मुलगी खाण्याचा ट्रे घेऊन आली, मी हात जोडले. तिने फक्त पाणी ठेवलं आणि थोड्या वेळाने येऊन पुन्हा भरलं.

पडद्यावरचं छोटं विमान आता खाली सरकत होतं. ते दोन्ही शहरांच्या बरोबर मध्ये आलं असं वाटलं तेव्हा मी अक्षतांची पुडी काढली. दर वेळी मी एका मुलाजवळ असायची आणि दुसऱ्याच्या दिशेला अक्षता टाकायची. इथे जवळ कुणीच नव्हतं. चिमूटभर पुढे टाकल्या, वैजूच्या दिशेला. चिमूटभर खांद्यावरून मागे. त्या मागच्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या मांडीवर पडल्या असाव्यात. त्याने खुर्चीच्या फटीतून दोन दाणे मला परत दिले. माझं काहीतरी पडलं असं त्याला वाटलं.

घड्याळातला तास त्यांनी कापून घेतला.

दार सरकलं. वैजू समोरच होती, कठड्याला टेकून. तिचा हात वर नव्हता. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागे बघत होती. दार मिटलं, पुन्हा उघडलं, माझ्यामागून एक कुटुंब बाहेर आलं. ती अजून बघत होती.

"एकटीच?" ती म्हणाली.

"हं."

सिंगापूरला ऊन उशिरापर्यंत रेंगाळतं, आम्ही घरी पोचलो तेव्हा नुकती दिवेलागण होत होती. दिवाणखान्यात तिने दोन पाट मांडून ठेवले होते. शेजारी शेजारी. भोवती रांगोळीची एकेक बोटभर रेघ. मी पाहिलं हे तिच्या लक्षात आलं, तशी ती एक पाट उचलायला वाकली.

"राहू दे," मी म्हटलं. "बस. कहाणी सांगायची आहे."

"सकाळी तिकडे सांगितलीस ना? आणि मला पाठ आहे ती."

"ही नाही."

ती बसली. मूठ पुढे केली. मी अक्षता दिल्या आणि सुरू केलं. एक आई होती, तिचा मुलगा दूर होता. वैजूने नेहमीसारखा कंटाळल्यासारखा हुंकार दिला. घरी दुःखाचं निमित्त झालं, बहिणीने निरोप धाडला. इथे तिने चमकून वर पाहिलं आणि तोंड उघडलं. मी तिच्या मुठीकडे बोट दाखवलं. तिने तोंड मिटलं. मूठ मिटलेली असेतो फक्त एकच शब्द, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक.

मुलगा ऐकल्या पावली निघाला.

तिने शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. "हं."

पाण्यावरून आला. चौदाशे किलोमीटर.

"हं."

काठावर उतरला. सामानाच्या पट्ट्यापाशी एका बाकावर बसला. समोर काचेचं दार होतं. ते उघडायचं आणि मिटायचं. दर वेळी तो कठड्यापाशी बघायचा.

वैजूचा हुंकार आला नाही. मी थांबले. सांगणारीने थांबायचं असतं. खाली कुणीतरी बांबू आत ओढून वाळलेले कपडे काढत होतं, त्याचा खडखडाट ऐकू येत होता. तासाभरापूर्वी ती त्याच कठड्याला टेकून त्याच दाराकडे बघत होती. मला आणखी काही सांगायची गरज पडली नाही.

"हं," ती म्हणाली. आवाज असा की तो हुंकारच होता हे मी नुसत्या सवयीने ओळखलं.

मी उठले. निरांजन लावलं. तिला ओवाळलं, मग रिकाम्या पाटाला ओवाळलं. ती बघत होती, हसली नाही. एरवी नक्की हसली असती. आता मूठ उघडून अक्षता कागदापाशी वाहायच्या होत्या. पण तिने मूठ उघडली नाही. मिटली मूठ घेऊन खिडकीपाशी गेली आणि काच सरकवली.

"आई, उत्तर कुठली?"

मी तिच्यामागे जाऊन हात लांब करून दाखवली. समोरच्या इमारतीच्या डाव्या कडेपलीकडे. तिने थोडं वाकून अक्षता टाकल्या. खालच्या कुणाच्या तरी चादरीवर, शर्टांवर पडल्या असतील. कुठे जायच्या त्या एवढ्या लांब.

"जेवला का दादा?" तिने बाहेर बघतच विचारलं.

"विचार ना."

तिने फोनकडे पाहिलं. तो टेबलावर होता, हाताच्या अंतरावर.

"बघू," ती म्हणाली.

मी पान वाढून घेतलं.